सावनेरच्या बसमध्ये मास्तर नव्हते

तो माणूस खिडकी घ्यायला आला होता. पाडलेल्या घरांचं सागवानी सामान विकत घ्यायचं, घासूनपुसून पुन्हा विकायचं, हा माझा धंदा. नागपुरात नंदनवनच्या रस्त्याला माझं आवार आहे. दारं, चौकटी, तुळया तिथे उभ्या असतात. त्याने खिडकी उलटीसुलटी पाहिली. मी दर सांगितला, आणि आता हा अर्ध्यावर येईल म्हणून मी तयारीत बसलो. पण तो दराबद्दल काही बोलेना. माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "तुम्हीच ना ते, सब्बलवाले?"

"कोण सब्बलवाले?"

"भावावर सब्बल उचलली होती ते. उज्जीवन सभेत ऐकलं मी. नाव नाही घेतलं त्यायनं, पण नंदनवन म्हटलं, जुन्या दाराइचा धंदा म्हटलं. इथं दुसरं कोण आहे?" त्याचे डोळे भरून आले होते. "तुमच्या भावानं तुम्हाले गळ्याले लावलं ते ऐकून मी लय रडलो."

मी सांगितलेल्या दरात त्याने खिडकी घेतली आणि गेला. तीस वर्षांच्या धंद्यात घासाघीस न करता गेलेली गिऱ्हाइकं मला बोटावर मोजता येतील. पण त्या दिवशी मला त्याचं सुख वाटलं नाही. कारण माझ्या भावाने मला गळ्याला लावलेलं नाही. अकरा वर्षांत तो माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता.

आता हे सगळं समजायचं तर आमच्या ख्रिस्ती मंडळीची एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे दर बुधवारी कोणाच्या तरी घरी पंधरा-वीस माणसं प्रार्थनेला जमतात. दोन गीतं, एक वचन, मग साक्ष. देवाने माझ्यासाठी काय केलं ते ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगायचं. संपलं की सांगणारा म्हणतो, "सर्व गौरव देवाला," आणि बाकीचे आमेन म्हणतात. एकदा ते तीन शब्द उच्चारले की त्या साक्षीबद्दल कोणी काही विचारत नाही. ताप खरंच प्रार्थनेने उतरला का, नोकरी देवाने लावली की मामाने, हे नंतर चहाच्या वेळीसुद्धा कोणी काढत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण बाजारात रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा सौदा ठरला की मग दोन्हीकडचे गप्प होतात, तसं आहे ते.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका बुधवारी, मास्तरांच्या घरी, मी माझी साक्ष पहिल्यांदा सांगितली. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आमच्या मंडळीतले वडीलधारे. भावाशी भांडण झाल्यावर मी उपासनेला जाणं सोडलं होतं. तेव्हा हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या आवारात येऊन तुळयांच्या ढिगावर बसायचा. उपदेश करायचा नाही. नुसता बसायचा, कधी शेंगदाणे आणायचा, जाताना दोन ओळींची प्रार्थना करायचा. वर्षभराने मी मंडळीत परत गेलो तो त्यांच्यामुळे. हे त्यांचं देणं मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर पुढचं इतकं लागलं नसतं.

मी त्या बुधवारी सांगितलं ते एवढंच. वडिलांचं सावनेरचं घर पाडलं तेव्हा त्यातलं लाकूड मी घेतलं. त्यावरून मोठ्या भावाचं आणि माझं बिनसलं. तो माझ्या आवारात आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर मला चोर म्हणाला. माझा राग मला ठाऊक आहे, तो आधी हातात येतो आणि मग डोक्यात. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, हाताशी होती. त्याने डावा हात आडवा घातला. त्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. तीन वर्षांनी मी एकटा बसने सावनेरला क्षमा मागायला गेलो. ओट्यावर त्याच्या चपला होत्या, आणि वहिनी म्हणाली, "ते घरी नाही." मी दोन तास बसलो आणि परत आलो. देवाने मला तिथवर जायचं बळ दिलं, पुढचं त्याच्या हाती. सर्व गौरव देवाला.

त्या खोलीत कोणी रडलं नव्हतं. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, आणि त्यांच्या बायकोने मला चहा दोनदा दिला होता.

गिऱ्हाईक गेल्यावर मी मोबाइलवर ती उज्जीवनाची प्रार्थनासभा शोधून काढली. मोठा मांडव, पांढरी चादर घातलेला मंच, आणि मास्तर माईकसमोर. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांना बाहेरगावची बोलावणी येऊ लागली होती, हे मला माहीत होतं. ते काय सांगतात हे कधी विचारलं नव्हतं.

"मी त्याले म्हटलं, चल, मी येतो तुह्यासंगं," मास्तर सांगत होते. "बसमध्ये तो थरथरत होता. मी त्याचा हात हातात घेतला. सावनेर येईपर्यंत सोडला नाही." मग त्या घराच्या दारावर मास्तरांनी थाप मारली. मग भाऊ बाहेर आला. मग त्याच मोडक्या बोटांनी त्याने लहान भावाचं डोकं छातीशी धरलं. इथे मास्तर थांबले, चष्मा काढला, पुसला. मांडवात हुंदके ऐकू येत होते. "सर्व गौरव देवाला."

मी ते तीनदा पाहिलं. माल माझा होता आणि पॉलिश त्यांचं. आणि पॉलिश चांगलं होतं, हे धंदेवाल्याला कबूल करावं लागतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं बरोबर. खरं सांगायचं तर आधी मला राग आला तो भावाच्या छातीचा नाही. बसमधल्या त्या हाताचा आला. त्या बसमध्ये माझ्या बाजूला कोंबडी घेतलेली एक बाई होती. मास्तर नव्हते.

माझी बायको ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं नाव तं नाही घेतलं ना त्यायनं."

"तेच म्हणून राहिलो मी. काहून नाही घेतलं?"

"घेतलं असतं तरी भांडलेच असते तुम्ही." ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "भाऊजीनं पायलं असन काय हे?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला तेव्हा आलं.

"एक विचारू काय?" वहिनी म्हणाली. "हे गळ्याले लावलं, ते कवा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सुनेनं मोबाइलवर दाखवलं. इथं मंडळीतले लोकं याह्यचा हात धरधरून पाहून राहिले. म्हणतात, धन्य आहे तुमचा हात. दोन रविवार झाले, हे उपासनेले गेले नाही. मले म्हणाले, त्यानं माह्या हात मोडला ते एक, आता माह्या तोंडून क्षमा बी त्यानंच वदवून घेतली."

"वहिनी, मी नाही सांगितलं ते."

"मंग कोणं सांगितलं? बसमधल्या ड्रायव्हरनं?" आणि तिने फोन ठेवला.

गेल्या वर्षी मावशी वारली. तिच्या दफनाला आम्ही दोघंही गेलो होतो. कबरीवर मूठमूठ माती टाकायला सगळे पुढे होत होते, आणि मी मागे उभा होतो. तेव्हा भाऊ थोडा बाजूला सरकला. माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त एका माणसाची जागा केली. मी त्याच्या खांद्याला लागून उभा राहिलो आणि माती टाकली. अकरा वर्षांत मला त्याच्याकडून मिळालं ते तेवढंच, आणि त्यावर मी पुष्कळ बांधलं होतं. नाताळला जायचं, नुसतं ओट्यावर बसायचं, काही मागायचं नाही, असं ठरवलं होतं. मास्तरांच्या त्या पाच मिनिटांनी ती जागा गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांकडे गेलो. ते पोहे खात होते. बशी खाली न ठेवताच म्हणाले, "ये गा. पोहे घे."

"पोहे राहू द्या. सावनेरले तुम्ही कवा गेले होते माह्यासंगं?"

त्यांनी एक घास संपवला. "पायलं वाटते तू."

"सगळ्या नागपूरनं पायलं. माह्या भावानं पायलं."

"मनानं होतो ना मी तुह्यासंगं. त्या दिवशी इथं गुडघ्यावर होतो. तुले माहीत आहे ते."

"गुडघ्यावर होते. बसमध्ये नव्हते."

"अरे, साक्ष सांगताना थोडं इकडचं तिकडं होते. लोकं कुठून कुठून येतात, उन्हात बसतात. त्याइले काय सांगू, दोन तास ओट्यावर बसला आन् आला परत? असं ऐकून कोणाचं मन वळते काय?"

"माह्यं वळलं होतं."

ते मास्तरी आवाजात म्हणाले, "एक सांग. त्या सभेत किती लोकं पुढं आले प्रार्थनेले, माहीत आहे तुले? गौरव कोणाले मिळाला? मले काय मिळालं त्यात?"

"चष्मा काहून पुसला मंग?"

हे लागलं. त्यांनी बशी ठेवली. मग जे बोलले ते मला आजही बोचतं. "ठीक आहे. पुढची सभा मोठी आहे. तुले बोलावतो मंचावर. तुह्या नावानं, तुह्या तोंडून. मी बाजूले उभा राहीन. मंग तं झालं?"

मी ताबडतोब नाही म्हणालो असतो तर मला इथे चांगलं वाटलं असतं. पण मला कोणी समोरून भाव सांगितला की माझं डोकं आपोआप चालायला लागतं. मांडव केवढा असेल, मी कुठला सदरा घालीन, इथपर्यंत मी गेलो. मग वहिनीचा आवाज आठवला. मी म्हणालो, "मले मंच नको. तुम्ही मंडळीसमोर म्हणा की ते खोटं होतं."

"खोटं," मास्तर म्हणाले, जणू तो शब्द मी त्यांच्या घरात घाण पायांनी आणला होता. "तू सांभाळून बोल. जीव लावला मी तुह्यावर."

तेही खरं होतं.

मी आमच्या पाळकांकडे, मंडळीच्या धर्मगुरूंकडे, गेलो. ते तरुण आहेत, मास्तरांच्याच शाळेत शिकलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण त्यांनी शेवटी गौरव देवाला दिला ना? त्यानंतर विचारायची रीत आपल्यात नाही."

"म्हणजे ते तीन शब्द म्हटले की काहीही चालते?"

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तुम्ही रविवारी तुमची साक्ष द्या. तुम्हाला कोण अडवणार?"

त्या आठवड्यात मी साक्षीची तयारी केली. आवारात तुळया मोजता मोजता वाक्यं जुळवली. कुठे थांबायचं ते ठरवलं. मास्तरांचं नाव घ्यायचं नाही, पण अंधाऱ्या खोलीत दिवा लावल्यासारखं सगळ्यांना कळलं पाहिजे. रविवारी मास्तर नेहमीप्रमाणे चर्चमध्ये पहिल्या बाकावर होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं: सब्बल, बोटं, एकट्याने केलेला प्रवास, ओट्यावरच्या चपला, दोन तास. "माह्यासंगं बसमध्ये कोणी नव्हतं. भाऊ दारात आला नाही. माह्या भावानं मले क्षमा केलेली नाही, आन् ज्यानं कोणी तसं सांगितलं त्यानं माह्या भावाच्या तोंडचा घास उष्टा केला."

मला मास्तरांची मान दिसत होती, ती हळूहळू खाली जात होती. आणि मला गोड लागत होतं. ती गोडी माझ्या ओळखीची आहे. विकणारा माणूस दर सोडतो, त्याचे खांदे उतरतात, तेव्हा ती येते. मी देवासमोर उभा होतो, साक्ष खरी होती, आणि मी बाकांवरचे चेहरे मोजत होतो. शेवटचे तीन शब्द म्हणायला तोंड उघडलं, ते निघेनात. मी तसाच खाली बसलो. आमेन कुठे म्हणायचं ते कोणाला कळेना.

मग मास्तर उठले. वळले, हात जोडले, आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. "मी चुकलो असन तं मले क्षमा करा. मी मातीचा माणूस. माह्यासाठी प्रार्थना करा." बाया डोळे पुसायला लागल्या. दोन वडीलधारे पुढे होऊन त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून उभे राहिले. पाळकांनी प्रार्थना केली, ती त्यांच्या नम्रतेबद्दलच्या आभारांची होती. मास्तर म्हणाले, "सर्व गौरव देवाला," आणि आमेन असा घुमला की कबुतरं उडाली. 'असन तं' हे दोन शब्द फक्त मी ऐकले. बाहेर आल्यावर सगळे त्यांच्याभोवती होते. माझ्याजवळ एक म्हातारी आली आणि म्हणाली, "मोठ्या मनाचा माणूस आहे. तूही आता राग सोड बाबू."

मी फसवला गेलो होतो आणि मोठ्या मनाचे मास्तर होते. मी घरी न जाता सरळ बसस्टँडवर गेलो.

भावाचं सावनेरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. रविवार असून उघडं होतं. तो स्टुलावर बसून पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. डाव्या हाताच्या त्या दोन बोटांमध्ये तार अडकवून उजव्याने ओढत होता. मला पाहिलं, पुन्हा मान खाली घातली. पण उठून गेला नाही.

"दादा, ते गळ्याले लावल्याचं मी नाही सांगितलं," मी उभ्या उभ्या म्हणालो. "मास्तरनं सांगितलं. आज मंडळीसमोर मी म्हटलं की खोटं आहे. तू मले क्षमा केली नाही असं सगळ्यांसमोर म्हटलं."

त्याने तारेचे चार वेढे घेतले. मग अकरा वर्षांनी माझ्याशी बोलला. "आन् काय काय म्हटलं?"

"सगळं. सब्बल. तुह्या हात. मी आलो होतो, तू भेटला नाही."

"मी तुले चोर काहून म्हटलं, ते सांगितलं?"

मी दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

ते मी कधीच सांगितलेलं नाही. बुधवारी नाही, रविवारी नाही, आणि या कागदावरही 'बिनसलं' म्हणून मी पुढे निघून आलो. वडिलांच्या घराच्या तुळया पाहायला गेलो तेव्हा मी भावासमोर एका तुळईच्या कडेच्या पांढऱ्या लाकडात खिळा टोचला. सागाची ती कड मऊच असते, खिळा लोण्यात जावा तसा जातो. मी म्हणालो, दादा, आतून वाळवीनं खाल्लं आहे, जळणाच्या दरात जाईल. आतलं लाकूड लोखंडासारखं होतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण लाकडातलं मला कळतं आणि मी त्याचा भाऊ. पुढे एका सुताराने त्याला खरं सांगितलं. ही युक्ती मी कित्येक जणांवर केली आहे. त्यातले काही आमच्याच मंडळीत बसतात. म्हणून माझी साक्ष नेहमी सब्बलीपासून सुरू होते. रागीट माणसाला लोक क्षमा करतात. त्याच्याकडून दार विकत घ्यायलाही येतात.

"हात तं रागात मोडला," भाऊ म्हणाला. "रागाचं मी कवाच सोडलं असतं. खिळा तू रागात नव्हता टोचला."

"ते तिथं कसं सांगू? माह्ये गिऱ्हाईक बसतात तिथं."

"बसू दे." तार ओढता ओढताच तो म्हणाला, "तुह्या मास्तरनं शेवट बदलला, तू सुरुवात. त्याच्यावर काहून येवढा चिडून राहिला?"

मला राग आला, आणि तो नेहमीच्या वाटेने हातात आला. मी हात खिशात घातले. दुकानात एक शेतकरी पंप घेऊन आला, भाऊ त्याच्याशी बोलत राहिला. मी पाऊण तास उभा होतो. निघताना म्हणालो, "सांगतो."

"कवा?"

"पुढच्या रविवारी."

"मी येऊन बसन मागच्या बाकावर," तो म्हणाला. "येईनच असं नाही. पण आलो तं ऐकू आलं पायजे."

मास्तरांवरचा माझा राग गेलेला नाही. त्यांनी जे केलं ते वाईट केलं, आणि ते करून वर नम्र ठरले, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण पाळकांना मी परवा फोन केला आणि रविवारची वेळ मागितली. ते घाबरून म्हणाले, "पुन्हा मास्तरांबद्दल?" मी म्हणालो, नाही, लाकडाबद्दल. काल आवारात एक जण तुळई पाहायला आला होता, आमच्याच मंडळीतला. कधी काळी त्याच्या आजोबांच्या घराचं लाकूड मी असाच खिळा टोचून घेतलं होतं. मी त्याला म्हणालो, रविवारनंतर ये, तुला घ्यावीशी वाटली तर.